कामाला लावलेली चांदी

कपाचा कान तुटला म्हणून हे सगळं उघड्यावर आलं. नाहीतर मी, स्वतःला चळवळीचा माणूस म्हणवणारा, त्या कपाला दरवर्षी डोक्यावर घेऊन नाचत राहिलो असतो आणि आपण काय घेऊन नाचतोय हे मला कधीच कळलं नसतं.

कप जानरावकाकांचा. त्यांनी दिलेला आणि त्यांच्याच नावानं ओळखला जाणारा. ‘जानराव कप’ म्हटलं की रिठदपासून किन्हीराजापर्यंतची पोरं कान टवकारायची. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आमच्या भागात बैलांचा शंकरपट आहे म्हणा, कुस्ती आहे म्हणा, तो मान डोलावतो. फुटबॉल म्हटलं की हसतो. हसू द्या. आमच्या मैदानावर सत्तावन सालापासून फुटबॉल खेळला जातोय. तेव्हा तालुक्याच्या शाळेतसुद्धा चेंडू नव्हता.

जानरावकाका पलटणीत होते. तिथं त्यांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या, ताठ उभं राहणं आणि फुटबॉल. गुडघा निकामी झाला तेव्हा घरी आले. आल्या आल्या पाटलाकडून सांगावा आला की गोठ्यात बैल मेलाय, ओढायला ये. काकांनी निरोप्याला पाणी पाजलं आणि सांगितलं की बैल ज्याचा, ओढायचं काम त्याचं. त्यावरून गावानं त्यांना दोन वर्षं मजुरी दिली नाही. मग ते सडकेच्या कामावर गेले आणि तिथं मुकादम झाले. ताठ मानेचा मुकादम साहेब लोकांना आवडत नसतो, पण काकांच्या टोळीची सडक पावसात वाहून जात नव्हती, म्हणून टिकले.

वस्तीमागच्या गायरानात नुसते दगड होते. काकांनी रविवारी रविवारी सडकेचा दगडी रोलर आणून ते सपाट केलं. साहेबाला विचारून आणला की न विचारता, ते मी लिहीत नाही. चेंडू कातडी, आत रबरी फुगा, तोंडाला वादी बांधायची. सायकलच्या पंपानं हवा भरायची. बूट कोणाकडेच नव्हते. आधी आमचीच पोरं खेळली. मग पलीकडच्या तांड्यावरची बंजाऱ्यांची आली, आणि दोनेक वर्षांनी गावातली मराठ्यांची पोरं बापाची नजर चुकवून आली. काका त्यांना भाषण देत नसत. एकच सांगत, “बॉल कोणाच्या पायातून आला हे इचारू नका. पुढं द्या.” ज्या गावात पाण्याचा गडू हातातून हातात जात नव्हता, तिथं चेंडू पायातून पायात जायला लागला. मी लहानपणी हे पाहिलं आणि पुढं जे काही वाचलं, शिकलो, ते याच्यानंतरचं.

छप्पनला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या वस्तीनं घेतली सत्तावनच्या उन्हाळ्यात. एकोणतीस घरं. घरातले देव बाहेर काढायचे ठरले. शेंदराचे दगड, लाकडी मूर्ती आणि चांदीचे टाक. टाक म्हणजे देवाचं चित्र ठोकलेला पातळ पत्रा, देव्हाऱ्यात उभा ठेवायचा. आमच्या लोकांच्या चुली दोन दोन दिवस पेटत नसत, पण देव मात्र चांदीचे! सगळं पोत्यात भरलं आणि पोतं कोणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न आला, कारण भलेभले पोत्याला हात लावेनात. जानरावकाकांनी पोतं खांद्यावर टाकलं, पैनगंगेच्या डोहाकडे गेले आणि ओल्या धोतरानं परत आले. सांगितलं, बुडवले.

त्याच दिवाळीत त्यांनी पहिली स्पर्धा भरवली आणि चांदीचा कप पुढं ठेवला. वीतभर उंच, दोन बाजूंना दोन कान. म्हणाले, पलटणीतल्या सायबानं दिला. आम्ही विश्वास ठेवला. या माणसावर विश्वास न ठेवण्याचं कारणच नव्हतं.

मग आलं चौऱ्याहत्तर साल. मागच्या वर्षी कप तांड्यानं जिंकला होता. त्यांचा कप्तान प्रेमसिंग दिवाळीआधी कप घेऊन माझ्याकडे आला. मिरवणुकीत ओढाताण होऊन एक कान निसटला होता. मी रिसोडला चाललोच होतो. गोविंदा सोनार म्हणून एक म्हातारा होता तिथं, त्याच्यापुढं कप ठेवला आणि म्हटलं, झाळून दे.

त्यानं कप पाहिला आणि हात मागं घेतला.

मला वाटलं, आमचा कप म्हणून शिवत नाही. माझं टाळकं फिरलं. मी तिथंच आवाज चढवला, दुकानापुढं माणसं जमली. म्हातारा रडकुंडीला आला. म्हणाला, “बापा, तसं नाई. हा कप मीच केला हाये. एक डाव पाप केलं, आता पुन्हा त्याले इस्तू दाखवत नाई.”

कसलं पाप, मी विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं. सत्तावन साली एक पलटणीतला माणूस शंभराच्या वर टाक घेऊन आला होता. खंडोबा होता, मरीमाय होती, भवानी होती. सोनार भ्याला, तर त्या माणसानं स्वतः भाता ओढला आणि एक एक टाक स्वतःच्या हातानं मुशीत टाकला.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मी दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा, बावीस प्रतिज्ञा झोपेत म्हणून दाखवीन. आणि सतरा वर्षं मी खंडोबा डोक्यावर घेऊन नाचत होतो. गुलाल उधळत होतो. पुढं हलगी वाजत होती.

कोणी शहाणा असता तर आधी काकांना एकटं गाठून विचारलं असतं. मी तसा नाही. संध्याकाळी विहारात बैठक बोलावली, कप सतरंजीवर आपटला आणि ऐकलेलं सगळं एका दमात ओकलो. एका कानाचा कप घरंगळत जाऊन भिंतीला टेकला. तो उचलायला कोणी पुढं झालं नाही.

जानरावकाका तेव्हा साठीचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दहा पावलांवरचा माणूस आवाजावरून ओळखायचे. उठले नाहीत. बसूनच म्हणाले, “खरं हाये.”

ते नाकारतील असं मला वाटलं होतं. माझी सगळी तयारी भांडणाची होती.

“दगडं अन् लाकडं म्या डोहात टाकले,” काका म्हणाले. “चांदी हातात घेतली अन् थांबलो. आपल्या आज्या-पंज्यायच्या पोटाले नव्हतं, पर यायले निवद होता. बसून खाल्लं यायनं. म्हटलं, बुडवून यायची सुटका कायले करू? कामाले लावतो. सतरा वर्षं लावले. ज्यायले देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्या पोरायच्या हातात मिरवून राह्यले. याच्याहून मोठी शिक्षा कोणती असन, सांग ग्यानबा.”

दोघं-चौघं हसले. बाया कपाकडे पाहत होत्या. त्यांच्यात भागिरथाबाई होती. वस्तीच्या टोकाला एकटी राहायची, मळणीच्या कामात तिचा हात धरणारी बाई नव्हती. तिनं एवढंच विचारलं, “माह्या घरचा बी यातच हाये का, जानराव भाऊ?”

“हाये,” काका म्हणाले. “सगळ्यायचेच हायेत.”

मी पुन्हा पेटलो. म्हटलं, तुम्ही वस्तीला खोटं सांगितलं. आणि काम कसलं? गुलाल, हलगी, डोक्यावर देव. पालखीत आणि यात फरक काय राहिला?

हे त्यांना लागलं. तोंड बारीक झालं. खोटं बोलल्याचं त्यांनी मान्य केलं. पण पालखी हा शब्द त्यांना सोसला नाही. म्हणाले, “फरक एकच हाये. याले कोणी हात जोडत नाई. आपल्यातल्या एकानं जरी जोडले, त्या दिवशी मीच नेऊन डोहात टाकतो. सत्तावनले सांगितलं ते खरं करतो. तवरोक कप मैदानावर राहीन.”

बैठकीनं हे मान्य केलं. मलाही करावं लागलं. पण मनात मी म्हटलं, पाहू.

खरं सांगायचं तर तो माणूस जगला कशावर, तर त्या कपावर. पलटणीनं दिलेली बिल्ले-पदकं त्यांनी कधी दाखवली नाहीत. घरी कोणी पाहुणा आला की वच्छलाकाकू चहा ठेवायची आणि काका त्याला मैदान दाखवायला न्यायचे, मग ज्या वस्तीत कप असेल त्या वस्तीत. आता तोच कप त्यांनी आपल्या शब्दावर टांगून ठेवला होता आणि पहारा द्यायला डोळे नव्हते.

चार दिवसांत बातमी सगळीकडे झाली. गावात काही म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले, बाकीच्यांना मजा वाटली. प्रेमसिंग मला बाजारात भेटला आणि म्हणाला, “म्हंजे मागच्या साली तुमचे समदे देव आमी हरवून नेले का? सांगाचं तर, दोन दिवस जेवू तरी घातलं असतं.” मी हसलो नाही.

रविवारी शेवटचा सामना होता, आमची वस्ती आणि तांडा. दुपारी तीनला सुरू झाला. मैदानाच्या एका कडेला शाळेचं टेबल, टेबलावर तारेनं कान बांधलेला कप. काका टेबलाच्या समोरच्या कडेला, मैदानापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. तिथं त्यांना चेंडूची धपधप ऐकू यायची. मी मुद्दाम त्यांच्याजवळ उभा राहिलो. तिथून टेबल मला सरळ दिसत होतं. खेळ मी पाहतच नव्हतो.

अर्ध्या वेळेला एक-एक बरोबरी होती. पोरं पाण्याकडे पळाली, माणसं बिड्या ओढायला पांगली. टेबलाजवळ कोणी नव्हतं. आणि भागिरथाबाई आली.

ती आमच्याकडे पाठ करून टेबलापुढं उभी राहिली. इकडं तिकडं पाहिलं. दोन्ही हात पुढं केले, कपापर्यंत नेले आणि मग दोन्ही हात कपाळाशी नेले. क्षणभर तशीच राहिली. पदर डोळ्यांना लावला आणि निघाली.

“काका, जोडले,” मी म्हणालो. मला लाज वाटते, पण माझ्या आवाजात आनंद होता.

“कोणं?”

“भागिरथाबाईनं.”

“तुनं पाह्यलं?”

“माह्या डोळ्यानं.”

काकांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खुर्चीतून उठले, गुडघा सरळ केला आणि मैदानाच्या मधून चालत टेबलापर्यंत गेले. त्याच वेळी शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. पोरं त्यांना वळसा घालून पळत होती. त्यांनी कप चाचपून उचलला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि नदीची वाट धरली. मी मागं. मला वाटत होतं की ते डोहापाशी थांबतील, माझ्याशी वाद घालतील, मी दोन गोष्टी ऐकवीन आणि मग मोठ्या मनानं म्हणेन, राहू द्या काका. ते वाक्य मी वाटेत जुळवलंही होतं.

ते थांबलेच नाहीत. चपला काढल्या, काठावरून उतरले आणि छातीइतक्या पाण्यात गेले. दिवाळीच्या दिवसांत पैनगंगेला पाणी असतं, आणि त्यांच्या पुढ्यातच डोह एकदम खोल जातो. कप त्यांनी फेकला नाही. पाण्याखाली धरला, आत पाणी भरू दिलं आणि सोडला. मी काठावर तोंड उघडं टाकून उभा. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

बाहेर आले तेव्हा कुडकुडत होते. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “तिले कोणी काई बोलू नका. म्हातारी हाये.” आणि वस्तीकडे चालू लागले.

सामना तांड्यानं जिंकला, दोनास एक. बक्षीस घ्यायला आले तर टेबल रिकामं. तिथं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. प्रेमसिंगनं माझी कॉलर धरली आणि विचारलं की तुमच्या देवायचं भांडण तुमचं, आमचा कप कुठं हाये? शेवटी त्यांना चेंडू दिला. तो घेऊन ते हलगी न वाजवता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहार झाडत होतो. भागिरथाबाई दारात आली. तिला नदीचं काही माहीत नव्हतं. सामना संपायच्या आधीच ती घरी गेली होती. म्हणाली, “ग्यानबा, कप तांड्यावर गेला का इथंच हाये? मले अजून एकवार पाहू दे. काल घाईत नीट पाह्यला नाई.”

मी झाडू टाकला. म्हटलं, आणखी हात जोडायचे राहिलेत का? दीक्षा घेताना काय म्हटलं होतं? लाज नाही वाटत?

तिला माझं बोलणं कळेना. “हात? कोणाले जोडले म्या हात?”

मी म्हटलं, देवाला. मी स्वतः पाहिलंय.

“देव कायचा, बापा,” ती म्हणाली. “माहा दौलत हाये त्यात.”

आमच्याकडे पूर्वी रीत होती. घरातलं माणूस अवेळी गेलं की त्याचाही टाक करून देवांच्या ओळीत बसवायचा. मला ती माहीत होती, पण त्या आठ दिवसांत एकदाही आठवली नाही. भागिरथाबाईचा दौलत अकरा वर्षांचा असताना साप चावून गेला होता. नवऱ्यानं सोनाराकडून दोन बोटांचा टाक ठोकून आणला होता, त्यावर काठी घेतलेला पोरगा. सत्तावनला पोत्यात तोही गेला. सगळ्यांनी दिलं म्हणून तिनंही दिलं. सतरा वर्षं तिला वाटत होतं की पोरगा डोहाच्या गाळात आहे. बैठकीत कळलं की नाही, तो वर आहे, उन्हात आहे, पोरांच्या खांद्यावर आहे. म्हणून ती पाहायला आली होती.

“मंग म्या त्याची दृष्ट काढली,” ती म्हणाली. “इतके लोक पाहून राह्यले होते त्याच्याकडं.” आणि तिनं मला करून दाखवलं. दोन्ही हात पुढं नेले, हवेतल्या हवेत एका तोंडावरून फिरवले, मग दोन्ही मुठी स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडली. कडाकडा आवाज झाला. आपल्या प्रत्येकाच्या आईनं आपल्यावरून मोडलेली बोटं. पाठीमागून, मैदानाच्या पलीकडून, पोरांच्या गलक्यात तो आवाज ऐकू येणार नव्हता. नुसते हात दिसणार होते, कपाळाशी नेलेले.

मी तिला कप कुठं आहे ते सांगितलं. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उंबरठ्यावर बसली आणि म्हणाली, “पुन्हा तिथंच?”

काकांकडे जायची माझी हिंमत झाली नाही. आधी कप हातात घ्यायचा आणि मग तोंड दाखवायचं, असं ठरवलं. रिसोडहून दोन भोई आणले. प्रेमसिंगला सांगितलं, तर शिव्या घालत का होईना, तोही तांड्यावरची चार पोरं घेऊन आला. दोन दिवस बुड्या मारल्या. एक फुटका रांजण निघाला, बैलगाडीची धाव निघाली. शेंदराचा एक दगडही निघाला, तो आम्ही परत टाकला. कप मिळाला नाही. गाळ कमरेइतका होता.

स्पर्धा बंद पडली नाही, हे सांगायला पाहिजे. पुढच्या वर्षी वस्ती आणि तांड्यानं मिळून पितळी घागर ठेवली. जिंकणारा ती वर्षभर पाण्याला वापरतो. काका येऊन बसायचे, पण घागरीला त्यांनी कधी हात लावला नाही. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. लोक त्यांच्याबद्दल लिहायला सांगतात ते पलटणीचं, सडकेचं, मैदानाचं. मला मात्र डोहात दोन दिवस बुड्या मारल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं लिहायचं आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. अंगणात बाजेवर बसून ते चेंडूच्या वादीला तेल लावत होते. वच्छलाकाकू तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दौलतचं, टाकाचं, दृष्टीचं. काकूचे हात थांबले.

काकांनी वादी खाली ठेवली. त्यांचे डोळे माझ्या दिशेला होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

“बोटं मोडले तिनं?”

“हो.”

“मले तर दिसत नाई, ग्यानबा,” ते म्हणाले. “तुनं काय पाह्यलं?”